काकूंचा कढीपत्ता

काकू माणसाची किंमत पानांत करायच्या. तुम्ही दारात उभे राहिलात की आधी तुमच्या चपला बघायच्या, मग तोंड, आणि मग मागच्या अंगणात जाऊन कढीपत्त्याची किती पानं तोडायची ते ठरवायच्या. डॉक्टरीणबाईंना अख्खी डहाळी. युनिव्हर्सिटीतल्या प्रोफेसरांच्या घरी सात-आठ पानं. मला तीन. "नवरा अजून टेम्पररीच ना गं तुझा?" असं वर विचारायच्या, आणि त्यातलंही तिसरं पान किडकं निघायचं.

त्या माझ्या सख्ख्या काकू नव्हेत. सत्तर सालच्या आसपास चंदीगडला बदलीवर आलेली जी थोडीफार मराठी घरं होती, त्या सगळ्यांच्याच त्या काकू. मूळच्या सांगलीच्या. काका केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून, मूलबाळ नाही, बावीस सेक्टरात दोन खोल्यांचं क्वार्टर. अशा घराची पायरी डॉक्टरांच्या आणि साहेबांच्या बायकांनी एरवी कशाला चढावी? पण काकूंच्या मागच्या अंगणात, वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात, कढीपत्ता होता. बाजारात तेव्हा मुळा होता, कोबी होता, पोटरीएवढी गाजरं होती. कढीपत्ता म्हटलं की ते काय असतं म्हणून भाजीवालाच विचारायचा, "ओ की होंदा ऐ जी?"

हे रोप सांगलीहून तीन गाड्या बदलून काकूंच्या मांडीवर बसून आलं, ही कथा आमच्या मंडळात सगळ्यांना पाठ होती. थंडीत काका मफलर गुंडाळून कुडकुडत ऑफिसला जायचे. डब्याला मात्र लोकरीचा स्वेटर होता, बटणांसकट. "ह्यांना काढा करून देता येतो," काकू म्हणायच्या, "झाडाला देता येतो का?"

त्यांची आणखी एक रीत होती. पानं त्या कधी हातात देत नसत, वाटीत घालून देत. वाटी परत करायला पुन्हा जावं लागे, आणि रिकामी वाटी परत करणं आपल्या रीतीत बसत नाही, म्हणून तिच्यात दोन लाडू, चार वड्या, काही नाही तर गुळाचा खडा टाकावा लागे. गेलं की बसावं लागे. बसलं की चहा. तीन पानांच्या पायी माझ्या दोन दुपारी जायच्या. आणि मी काही फार मानी होते अशातला भाग नाही. चौथ्या पानाच्या आशेनं मी काकूंच्या भरतकामाची, त्यांच्या चहाची, एकदा तर आतल्या खोलीतून ऐकू येणाऱ्या काकांच्या घोरण्याचीही तारीफ केलेली आहे.

मग एका रविवारी आम्ही दोघं तलावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला फिरायला गेलो. चढून दम लागला म्हणून मी एका दगडावर टेकले आणि हाताला आलेलं पान उगीच चुरगळलं. वास आला तो थेट माझ्या आईच्या फोडणीचा. मान वर केली. माझ्या चारी बाजूंना, कमरेएवढा, पार वरपर्यंत कढीपत्ताच कढीपत्ता. अख्खा डोंगर आमटीची वाट बघत उभा होता.

मी ओरडलेच. वाटेनं जाणारी एक मोळीवाली बाई थांबली. "ए तां गंधेला ऐ, बीबी जी," ती म्हणाली. "डंगर वी मुँह नी लांदे." गंधेला, म्हणजे वास मारणारा, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तिच्या गावात त्याच्या काड्यांनी दात घासत आणि उरलेल्याची चूल पेटवत. ज्याच्या तीन पानांसाठी मी लाचार होते, त्याची तिच्या डोक्यावर मोळी होती.

पदर भरून पाला घेऊन मी तशीच काकूंकडे गेले. काकूंनी पदराकडे बघितलं, मला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"बस. सांगलीचं रोप पहिल्याच थंडीत गेलं. आठ दिवस रडत होते. शेवटी दूधवालीला कीव आली, तिनं डोंगरातलं हे आणून दिलं."

"म्हणजे अंगणातला हा..."

"गंधेलाच. इतकी वर्षं खाताय की. कधी वास मारला का?"

"पण मग सांगितलं का नाहीत, काकू?"

"सांगितलं तर डॉक्टरीण माझ्याकडे कशाला येईल? ह्यांचं घोरणं ऐकायला?" काकू हसल्या. मग समोरची वाटी उगीच पालथी केली, पुन्हा सुलटी केली. "कुणाला बोलू नकोस, वसू. एवढं कर माझं."

मी शपथ घेतली. ती शनिवारपर्यंत टिकली, कारण शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे हळदीकुंकू होतं. काकूंचं नाव मी घेतलं नाही, एवढी सभ्यता राखली. पण सगळ्या बायकांत आपणही काहीतरी सांगावं, ही हौस आवरेना. पिशवीतला पाला काढून मी डोंगराची बातमी फोडली. कोपऱ्यात बसलेल्या काकूंचा चेहरा पांढरा पडला.

डॉक्टरीणबाईंनी एक पान नाकाशी नेलं. "शी! रानटी वास आहे गं."

"कडवट दिसतोय," प्रोफेसरीणबाई लांबूनच म्हणाल्या. "काकूंच्या पानाला कशी सांगलीची चव आहे!"

"नवऱ्याला जंगलातलं काय काय खायला घालतेस, वसुधा?"

सगळ्या हसल्या. काकूंनी नुसती मान डोलावली असती तरी त्यांचं अंगण शाबूत राहणार होतं. पण त्या उठल्या. "वहिनी, दोन्ही एकच आहेत. माझंही झाड त्याच डोंगरातलं. सांगलीचं कधीच मेलं."

मग डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "बघा! पोरीला वाईट वाटू नये म्हणून कसा कमीपणा घेतला स्वतःकडे!"

दुसऱ्याच दिवशी काकूंच्या दारात तीन बायका उभ्या. डोंगर होता तिथेच राहिला. आमच्यापैकी तेव्हा कुणी तिकडे फिरकलं नाही. मोळीवालीच्या डोक्यावर असतं ते आपल्या आमटीत कसं शोभावं? आणि खरं सांगते, मीसुद्धा वाटी घेऊन काकूंकडेच जात राहिले. मला वास वेगळा लागायचा.

काका रिटायर झाले आणि दोघं सांगलीला परत गेली. महिन्याभरानं पत्र आलं. "इथे भाजीवाली न मागता मूठभर कढीपत्ता पिशवीत कोंबते. शेजारी कोण राहतं ते अजून माहीत नाही. दुपार फार मोठी असते गं इथली."

पुढच्या रविवारी मी डोंगरावर गेले. पोतंभर पाला आणून सावलीत वाळवला आणि कापडात शिवून पार्सल केलं. उत्तर आलं ते काकूंच्या तिरक्या अक्षरात, कार्डाच्या कडेपर्यंत:

"पार्सल पोचलं. गल्लीत सांगितलं, हिमालयातला आहे, बर्फाखाली उगवतो. वकिलीणबाई कालपासून दोनदा येऊन बसून गेल्या. म्हणतात, असा वास इकडच्याला कधी आलाच नाही. संपला की कळवीन. पण वसू, एवढा नको पाठवूस. थोडाच पाठव. जास्त झाला तर कुणी येणार नाही."