कडुलिंबाच्या बुडाशी ओतलेला चीक

हे मी आजवर कुणाजवळ बोलले न्हाई. नवऱ्याजवळ न्हाई, देवीपुढं हात जोडून बसले तरी तिच्याजवळ बी न्हाई. वडीगोद्रीत कुणालाही विचारा — ही बाई तोंडावर खरं बोलती, कुणाच्या बापाला भीत न्हाई, असंच सांगतील. बोलतेच मी. दुसऱ्याचं खरं.

शीतल माझी एकुलती एक पोरगी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून परतूरहून मीच तिला घेऊन आल्ते. आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, अंगावरून रक्त जायला लागलं. जालन्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत पोर पांढरीफटक पडल्ती. पोरगा झाला, ओंजळीत मावंल एवढा. त्याला लगेच वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं. शीतल खाली बाळंतिणींच्या वार्डात, हाताला रक्ताची बाटली. तिला जिना चढवेना, म्हणून वर-खाली मीच करायची.

वरची सिस्टर भली बाई होती हो. मला समोर बसवून तिनं सांगितलं — मावशी, त्याला अजून चोखता येत न्हाई, पण दूध आईचंच पाहिजे. हातानं पिळून वाटीत काढा, थेंबभर आलं तरी आणा, आम्ही नळीनं देतो. त्याला ते औषधच आहे. मला समजलं न्हाई असं म्हणू का? बराबर समजल्तं.

शीतल काढायला बसली. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली, कपाळाला घाम. वाटीच्या तळाला पिवळा, दाट चीक — चमचाभर बी न्हाई. आणि मी, तिची आई, काय बघून राह्यले? बाटलीतून थेंब थेंब रक्त आत चाललंय, आणि इकडून थेंब थेंब बाहेर. दूध म्हणजे रक्तच की, असं डोक्यात बसलं. आणि ते पोरगं — कसं सांगू? — ते पोरगं काही राहत न्हाई, असं मी मनात ठरवून टाकल्तं. मंग त्याच्यापायी माझी पोर कामून घालवू?

वाटी घेतली, पण जिना चढले न्हाई. मागच्या दारानं बाहेर गेले. आईचं दूध पायदळी येऊ देत न्हाईत आपल्यात, म्हणून आवारातल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. तेवढा रिवाज मात्र पाळला बघा! वाटी नळाखाली विसळली. वर जाऊन सिस्टरला म्हणले, येतच न्हाई हो तिला दूध. खाली येऊन पोरीला म्हणले, पाजलं बाळाला, पण तुझ्या अंगात रक्त भरेपर्यंत आता काढू नको, असं डॉक्टर म्हणून राह्यले. ती सुटल्यासारखी झोपली. मला — खोटं कशाला बोलू — बरं वाटलं.

सिस्टर एकदा स्वतः खाली आल्ती बघायला. मी दारातच आडवी झाले. आत्ताच डोळा लागलाय तिचा, उठवू नका म्हणले.

घरी दोन म्हशी आहेत माझ्या. धार न्हाई काढली तर म्हैस आटती, हे मला कुणी शिकवायला पाहिजे होतं का?

पाचवी पुजायच्या आत बाळ गेलं. फार कच्चं होतं, म्हणले डॉक्टर. त्या दुधानं वाचलं असतं का? मला ठाऊक न्हाई. कुणाला विचारलं बी न्हाई. विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागंल.

शीतलला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी तिला पान्हा फुटला. झंपर भिजलं, पदर भिजला, छाती दगडावानी. आतल्या खोलीत भिंतीला धरून उभी राह्यली आणि मला म्हणली, "आई, तवा चमचाभर बी न्हाई आलं, मंग आता कुणासाठी येऊन राह्यलं गं हे?" मी जुनं लुगडं फाडलं आणि तिची छाती बांधली. गच्च. ती कण्हली, तरी सैल केलं न्हाई.

सासरी तिला बोलतात, हिच्या अंगात दूधच नव्हतं म्हणून. माझ्यासमोर बोलतात. ती खाली मान घालून ऐकती, आणि ही कुणाला न भिणारी बाई चहा पीत बसती.

यंदा तिला मुलगी झाली, दिवस भरून. अंगावर पिती, पिता पिताच झोपती. तरी शीतल तिच्या पोटावरून हात फिरवती, भरलं का बघती, अन् पुन्हा पदराखाली घेती. काल पोरीला पाजता पाजता मला म्हणली, "आई, तेवढा वाटीतला चीक तरी त्याच्या पोटात गेला ना गं? तूच नेल्ती ना वाटी? मला तेवढंच बरं वाटतं बघ."

हो म्हणले मी. नळीतून जाताना माझ्या डोळ्यांनी पाह्यलं, असं बी म्हणले.