साठ टंचाचे तोडे

“साठ टंच,” शेट म्हनला आन तागडीतले तोडे उचलून माज्या हातात दिले. “सरूबाई, घासून ठेव.”

समोर निरवांगीची धोंडाबाई बसलेली. धनगराची म्हातारी. तोडे आत्ताच पायातनं काढलेले, घोट्याला त्यांची जागा गोरी दिसत व्हती.

नव्वदच्या पुढची सालं ती. मालक गेल्यावर मी इंदापुरात एका सराफाकडं चांदी उजळायला लागले. शाळा दुसरीपत्तूर. काम सोपं. रिठं भिजवायचं, उकळायचं, त्या पान्यात डाग घासायचा. दागिन्याला दुकानात डागच म्हनत्यात. बोटं कायम काळी. अजून कुठं रिठ्याचा वास आला की ती दुकानामागची वसरी डोळ्याम्होरं येती.

टंच म्हंजे शंभरात चांदी किती. साठ टंच म्हंजे साठ भाग चांदी, बाकी तांबं-बिंबं. पैसं साठाचंच. शेट जुनं घेताना टंच खाली सांगायचा, इकताना वर. मधलं त्याचं. वर मजुरी, म्हंजे घडवायचं पैसं. पन खरी कमाई माज्या पातेल्यात व्हती. चांगला डाग भट्टीत घालून कोन आटवतंय? घासला की नवा. जी मजुरी शेटनं कुनाला दिलीच न्हाय, ती त्यो गिऱ्हाइकाकडनं घ्यायचा. मला समदं दिसायचं. मी बोलायची न्हाय. घरी दोन पोरी व्हत्या.

धोंडाबाईला त्या दिवशी घाई व्हती. सहा घरं मिळून नीरेवरनं पाईपलाईन आननार व्हती. सांजच्या आत वाटा भरला न्हाय तर तिचं नाव कटनार, दोन एकर कोरडंच ऱ्हानार. साठ टंचानं वाटा पुरा व्हत न्हवता.

“शेट, वाईच वाडवा की.”

“आजी, तुमच्याकडचं सोनार आत तांबं घालायचं. मी काय करू?”

म्हातारी ‘बरं, बाकीचं उसनं बघते’ म्हनली. शेळ्या इकाव्या तर बाजाराला तीन दिस व्हते. पैसं आनायला शेटचा मानूस बँकेत गेलेला, तवर ती आत माज्यापाशी येऊन बसली.

“एक दे हिकडं. माजा मी घासते.”

“मावशे, हात काळं व्हत्याल.”

“व्हऊ देत. मला काय आता दाखवायला बसवायचंय व्हय?”

दोघी घासत बसलो. ती म्हनली, “माज्या बापानं मेंढरं इकून चांदीचं रुपयं साठवलं. सोनाराम्होरं बसून आटवून घेतलं. उठला न्हाय जागचा. मंग तांबं शिरलं कवा?”

मी हातातला तोडा उजेडाला धरला. तांबं जास्ती असलं की घासताना लाली येती. हितं पांढरं सफेद निघालं व्हतं.

तेवढ्यात बारामतीकडच्या एक बागायतदारीनबाई दुकानात आल्या. देवीला तोड्यांचा नवस बोलल्या व्हत्या.

“भरीव पाहिजेत, शेटजी. पोकळ नकोत. देवीशी लबाडी नको.”

“सरूबाई, ते नवे तोडे आन गं!”

मी पुसून नेले. म्हातारी आत बसलीया हे शेट इसरला, का तिला काय कळतंय म्हनून बोलला, ठावं न्हाय.

“कालच आलेत, बाईसाहेब. भरीव. नव्वद टंच. वर मजुरी तेवढी.”

बाईंनी तोडे कपाळाला लावले. मागनं धोंडाबाई दारात आली. हातातनं काळं पानी गळत व्हतं.

“बाई, नगा घेऊ ते देवीला. सकाळपत्तूर माज्या पायात व्हते. मला पाप लागंल.”

बाईंनी तोडे पटकन खाली ठेवले. शेट म्हनला, “आजी, तुमी आत बसा.”

“बसते की. आदी एवडं सांग, घटकाभरात तीस टंच कुठनं वाडलं? रिठ्यात चांदी असती व्हय?”

शेट अडकला. साठ म्हनावं तर बाईंना फसवत व्हता, नव्वद म्हनावं तर म्हातारीला. बाई माज्याकडं वळल्या.

“तू घासलेस ना? तांबं आहे का गं?”

शेट माज्याकडं बघत व्हता. मला पोरी दिसल्या, पोरींची फी दिसली.

“लाली न्हाय आली,” मी म्हनले.

बाई म्हनल्या, “मग आटवा. आगीतून गेलं की चांदी नवी. त्याचेच नवे घडवा देवीला. पण आजीला पैसे निघेल त्या टंचाचे.”

पलीकडच्या गल्लीत गलाईवाला व्हता. चांदी आटवून शुद्ध करनारा. त्याच्या भट्टीपाशी धोंडाबाईनं तोडे एकदा पायाजवळ धरले, घातले न्हाईत, आन स्वताच मुशीत टाकले. मूस म्हंजे चांदी आटवायचं भांडं. चांदीची लगड निघाली. त्यानं टंच काढला. नव्वदीला थोडा कमी.

“एकोननव्वदच की!” शेट म्हनला.

“ऱ्हाऊ दे,” धोंडाबाई म्हनली. “एकाचा च्या पी.”

ती चारची यष्टी धरून गेली. वाटा भरला, वर थोडं उरलं बी. फुडल्या थंडीत तिनं माज्यासाठी यष्टीतनं हिरव्या मेथीचं गाठोडं धाडलं. कंडक्टर म्हनला, निरवांगीच्या म्हातारीनं पायातल्या चांदीची भाजी धाडलीया.

आता यष्टीत चढनाऱ्या बायांच्या पायात बघते. तारेसारखं पैंजन, न्हायतर कायच न्हाय. आदी बाई दिसायच्या आत तिचे तोडे ऐकू यायचे.

शेट आठवडाभर माज्याशी बोलला न्हाय. कामावरनं काढलं बी न्हाय, कारन माज्यासारखं उजळनारं दुसरं मिळत न्हवतं. देवीच्या नव्या तोड्यांची मजुरी मात्र त्यानं पुरी घेतली. त्याला मी वाईट म्हनत न्हाय. सराफाचं दुकान म्हंजे दोन दर आलेच. फकस्त ते दोन्ही दर एकाच दिवशी एकाच मानसाच्या कानावर जाऊ द्यायचे नसत्यात.