पंचवीस शेअर आणि तांदळातलं नाव

२ जानेवारी १९५१. पंचवीस शेअर, दर्शनी किंमत प्रत्येकी शंभर रुपये, एकूण अडीच हजार. हजर माणसं तीन : बाई, त्यांचा धाकटा भाऊ आणि शेजारी म्हणून मी. जागा, डोंबिवलीतल्या आमच्या चाळीतली त्यांची पुढची खोली.

भावाने खिशातून टाइप केलेला कागद काढला, मांडीवर सरळ केला आणि म्हणाला, "ताई, हे वाचून ठेव. तुझी हरकत नाही एवढीच सही दे. सहा महिन्यांत मोकळे होऊ."

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग खिडकीतली वही घेतली, पेन्सिलीसकट भावापुढे सरकवली.

"यात म्हटलंय की मी मेले. कधी मेले, तेवढं लिहून दे. तारखेसह."

भावाने वहीला हात लावला नाही.

"तेवढं लिहून द्या" हे त्यांचं रोजचं वाक्य. दूधवाल्याकडून त्यांनी 'उद्यापासून पाणी घालणार नाही' असं लिहून घेतलं होतं. आजपर्यंतचं काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ते त्यातच आलं की, भावजी." तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल. त्याच्याशी बोलताना आपण दोन शब्द कमीच बोलतो.

आता त्या मेल्या कशा, ते सांगतो. लग्नाच्या आदल्या वर्षी त्यांच्या वडिलांनी एका गिरणीचे पंचवीस शेअर त्यांच्या नावे घेतले. कागद पितळी डब्यात ठेवले आणि डब्यावर लेकीचं नाव घातलं. लग्नात रीतीप्रमाणे नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहिलं. वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं आणि स्वतःचं होतं तेही गेलं. डबा मात्र कल्याणला माहेरीच राहिला. डिव्हिडंड वडील आणून देत. पुढे यजमान वारले, मग वडील वारले, आणि डबा त्यांच्या हाती आला. शेअरवर एक बाई, बँकेच्या खात्यावर दुसरी.

भावाचं म्हणणं असं की जुन्या नावाची बहीण अविवाहित वारली असं दाखवायचं, वारस तो एकटा, आणि पैसे हाती आले की निम्मे तिला. तो लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याला ते खरोखरच सोपं वाटत होतं. पण निम्मे म्हणजे साडेबाराशे. आमचे घरमालक कोकणात परत जायला निघाले होते आणि बाई राहत होत्या त्या दोन खोल्या मागच्या पडवीसह अठराशेला त्यांना द्यायला तयार होते. मुदत, १९५३ ची दिवाळी. त्यानंतर गिऱ्हाईक दुसरं होतं. साडेबाराशेत खोल्या येत नव्हत्या.

"आणि निम्म्याचं सोड," त्या भावाला म्हणाल्या, "मी जिवंत आहे, हे पुरे नाही का रे?"

पुढची चूक माझी. मी हिशेबखात्यातला माणूस, सगळं उघड असावं असं मला वाटतं. शेअर नव्या नावावर करून घ्यायच्या, म्हणजे ट्रान्स्फरच्या, अर्जासोबत मी त्यांना एक पत्र लिहून दिलं : अर्जदार आणि शेअरधारक एकच, लग्नात नाव बदललं. नंतर एक दलाल म्हणाला, "पत्र कशाला दिलंत? जुन्या नावाने दिले, नव्या नावाने घेतले, दोन सह्या. दोन महिन्यांत झालं असतं." मी ते त्यांना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"पत्रात खोटं काही होतं का?"

"नाही."

"मग झालं."

फोर्टातल्या कंपनीच्या कचेरीत त्यांनी एकूण एकोणतीस खेपा घातल्या. पहिल्यांदा मी सोबत होतो. हेडक्लार्कने विचारलं, "नाव बदलल्याची नोंद कुठे आहे?"

"तांदळात."

"आणि ते तांदूळ?"

"त्याचा भात झाला. पंगतीला वाढला."

हेडक्लार्क हसला नाही. त्यांनी पिशवीतून डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि कोरलेलं नाव त्याच्याकडे वळवलं. त्याने डबा बाजूला सारून खालची फाइल काढून घेतली. भांडं हा पुरावा नव्हे म्हणाला. "तेवढं लिहून द्या," त्या म्हणाल्या. ते मात्र त्याने लिहून दिलं.

ट्रान्स्फर मंजूर व्हायचे ते संचालकांच्या बैठकीत, आणि बैठक दोन महिन्यांतून एकदा. एकदा संचालक पुरेसे आले नाहीत. एकदा डिव्हिडंडच्या हिशेबासाठी शेअरनोंदीची पुस्तकं बंद होती. एकदा अर्ज दुसऱ्याच टेबलावर चार महिने पडला होता. प्रत्येक कारण वहीत, खाली कारकुनाची सही. शेवटी कंपनीने एकच गोष्ट मागितली : दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या माणसाचं मॅजिस्ट्रेटपुढचं प्रतिज्ञापत्र.

मला ते करता आलं नाही. मी त्यांना १९४४ पासून ओळखत होतो, त्याआधीची मुलगी मी पाहिली नव्हती. तसं सांगितल्यावर घरात बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाई मात्र म्हणाल्या, "बरोबर आहे. न पाहिलेलं कसं लिहून देणार?" भावाने पाहिलेलं होतं. त्याने निरोप धाडला, निम्म्याचं कबूल असेल तर येतो.

त्यांनी निरोप्याबरोबर उलट निरोप दिला : "नको येऊस म्हणावं."

हे १९५३ च्या मे महिन्यात. दिवाळीला सहा महिने उरले होते. मी म्हटलं, "वहिनी, निम्मे घ्या. उरलेल्याचं काहीतरी बघू."

दुसऱ्या सोमवारी त्या कोपर गावातून एका म्हातारीला घेऊन आल्या. ही आगरीण त्यांच्या माहेरी वर्षानुवर्षं तांदूळ घालत असे. कल्याणच्या कचेरीत मॅजिस्ट्रेटने विचारलं, "तुम्ही यांना कशा ओळखता?"

"हिला मी नाय वलखनार तं कोन वलखनार? तांदूल माझंच व्हतं. ताट मीच धरलंवतं. पोर रडत व्हती, माझं नाव पुसू नका म्हनून."

मी बाईंकडे पाहिलं. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. हे त्यांनी आम्हांला कधी सांगितलं नव्हतं.

म्हातारीने अंगठा उठवला. दिवसाची मजुरी म्हणून दिलेले दोन रुपये तिने घेतले नाहीत. जाता जाता म्हणाली, "यंदा तांदूल माझ्याकरनंच घे."

एकोणतिसाव्या खेपेला मी पुन्हा सोबत होतो. हेडक्लार्कने अंगठ्याचा डाग दिव्याखाली धरला.

"बाई, साक्षीदार जरा प्रतिष्ठित हवा होता."

बाईंनी वही उघडून त्याच्यापुढे ठेवली.

"तांदूळ पिकवणारी बाई प्रतिष्ठित नाही, तेवढं लिहून द्या. खाली कंपनीचा शिक्का."

हेडक्लार्कने पेन्सिल उचलली, वहीतली मागची अठ्ठावीस पानं चाळली, बहुतेकांवर त्याचीच सही होती. पेन्सिल खाली ठेवली. अर्ज पुढच्या बैठकीत गेला.

११ सप्टेंबर १९५३ ला नव्या नावाचे शेअर हाती आले. दोन वर्षं, आठ महिने, नऊ दिवस. सतरा शेअर विकले, दलाली वजा जाता अठराशे पाच रुपये आले. अठराशे घरमालकांना दिवाळीच्या आधी पोचले. त्यांच्याकडून पावती घेताना त्या प्रथमच वही विसरल्या, मीच धावत जाऊन आणून दिली.

त्या दोन खोल्यांत त्या मालकीण म्हणून साडेचार वर्षं राहिल्या. १९५८ च्या उन्हाळ्यात, तीन दिवसांच्या तापाने गेल्या. भाऊ आला होता, पडवीत बसून होता. मृत्यूची नोंद करायला नगरपालिकेत मी गेलो. कारकुनाने नाव विचारलं. मी दोन सांगितली.

"एकच सांगा. रकाना एक आहे."

मी पिशवीतून डबा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. वरच्या ओळीत वडिलांनी घातलेलं नाव. खालच्या ओळीत नवं नाव, आणि त्याच्याखाली चार अक्षरं : दोन्ही मीच.

"दोन्ही लिहीत नाही, एवढं तरी लिहून द्या," मी म्हणालो.

त्याने रकान्यात बारीक अक्षरांत दोन्ही नावं बसवली.

डब्यात सापडलेली शेवटची पावती १९५३ च्या ऑक्टोबरातली. घर घेऊन उरलेल्या पाच रुपयांतला खर्च, डब्यावरच्या कोरणावळीचा. नव्या नावाची चौदा अक्षरं, खालची चार, अक्षरी एक आणा. एकूण एक रुपया दोन आणे, कल्याणच्या कासाराला. पोचल्याची सही आहे.