गाडीतली उशी

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी मावशी मागची काच पुसायची. बाकीचे ड्रायव्हर पुढच्या काचेवर पाणी मारतात, फडकं फिरवतात आणि निघतात. मावशी सीटवर उलटी, गुडघे टेकून बसायची, पाठीमागच्या काचेवर तोंडाने वाफ सोडायची आणि जुन्या चादरीच्या तुकड्याने ती गोल गोल पुसायची. कोपऱ्यांत बोट घालून. मग थोडा वेळ तशीच पाहत राहायची. मागे असायचा नुसता रिकामा हौदा आणि त्यात आदल्या दिवशी गळलेली चार पानं.

"काय दिसतंय गं?" मी विचारायचे.

"अजून काही नाही. येतील."

येतील म्हणजे झाडं. मावशी एका नर्सरीची पिकअप चालवायची. कुंड्या, रोपं, कुणाच्या अंगणात लावायची पुरुषभर उंचीची झाडं, हे सगळं ती गावभर पोचवायची. ती आईची थोरली बहीण. राहायची आमच्याकडेच, मागच्या लहान खोलीत. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायची, "आरशात बघत होते, मागून कुणी येतंय का. कुणी हॉर्नच दिला नाही."

सुट्टीच्या दिवशी ती मला सोबत न्यायची. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. त्या दिवसांचं मला नीट काही आठवत नाही, उजेड तेवढा आठवतो. हौद्यात झाडं भरली की मागच्या काचेतून येणारा उजेड हिरवा व्हायचा. तो मावशीच्या मानेवर, माझ्या गुडघ्यांवर, गिअरच्या गोळ्यावर पडायचा आणि गाडी हलेल तसा हलायचा. मी सीटवर वळून बसायचे. काचेला पानं घासत असायची. शाळेत शिकवलं होतं की गाडीतून जाताना झाडं मागे पळताना दिसतात. आमची पळत नव्हती. आमची झाडं आमच्या मागून येत होती, सगळ्या वळणांवर, सगळ्या चढांवर, मान डोलावत. मला डुलकी लागायची आणि डुलकीतही ती येतच राहायची.

मावशी समोरचा रस्ता बघायचीच, पण मध्येच तिची नजर वरच्या आरशाकडे जायची आणि चेहरा सैल व्हायचा. मोगऱ्याला वारा लागतोय, त्या उंच झाडाची दोरी घट्ट आहे ना, असं काहीतरी पुटपुटायची. एकदा मी विचारलं, "तू कुणाशी बोलतेस?"

"पाठीमागच्यांशी."

या पाठीमागच्यांच्या पायी तिने गाडीतल्या उशा काढल्या होत्या.

सीटच्या वर, डोक्यामागे, दोन दांड्यांवर बसवलेली जी गादी असते तिला आमच्या घरात उशीच म्हणत. दुसरा शब्द आम्हाला माहीत नव्हता. गाडी नवी आली त्याच दिवशी मावशीने दोन्ही उशा उपसल्या आणि घरी आणल्या. आई ओरडली.

"ताई, कंपनीवाल्यांना काय वेड लागलंय का? उगाच दिल्यात होय त्यांनी?"

"कंपनीवाल्यांना वाटतं, आपण गाडीत झोपायला जातो. उशीला डोकं लागलं की मला झोप येते, तुला माहितीये. शिवाय मागचं निम्मं झाकतात मेल्या."

"अगं, पण शोभा जाते गाडीची."

"गाडीची शोभा मागे असते," मावशी म्हणाली.

उशा तिच्या खोलीतल्या फळीवर गेल्या. एकीच्या दांड्या वरच्या बाजूला आल्या की ती शिंगं असलेल्या प्राण्यासारखी दिसायची. माझ्या बाहुल्या तिच्यावर झोपत. कितीतरी वर्षं उशी ही बाहुल्यांची होती, आणि मावशीच्या डोक्यामागे नुसती काच होती.

मी दहावीत असताना ते घडलं. भर दुपारी, सिग्नलला. मावशी थांबली होती, मागच्या व्हॅनला थांबायचं सुचलं नाही. धक्का तसा किरकोळ. मागचं फळकं चेपलं, एक कुंडी फुटली. मी गाडीत नव्हते, तिनेच नंतर सांगितलं. म्हणाली, झाडं एकदम उडी मारून पुढे आली, आणि माझं डोकं मागे गेलं, त्यांच्याकडे. सीटच्या वरून मान लवली आणि डोकं काचेवर आपटलं. काच फुटली नाही. तिने उतरून आधी झाडं मोजली, मग व्हॅनवाल्याला चार शब्द ऐकवले, मग उरलेल्या कुंड्या पोचवल्या आणि घरी येऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना. आईने हाक मारली तर ती अख्खी वळली, कपाट फिरवावं तशी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मान चाचपली, फोटो काढून आणायला लावला, पट्टा बांधला. मग सहज विचारलं, "सीटला डोक्यामागे काही नव्हतं का?"

"उशी होती. मी काढून ठेवलीय."

"का?"

"आडवी येते."

डॉक्टरीणबाई हसल्या. "आडवी यायलाच असते ती, मावशी. तिला उशी कुणी म्हटलं? दाराला आतून अडसर असतो ना, तशी ती डोक्याला. धक्का बसला की डोकं मागे जातं, त्याला अडवायला. त्यावर टेकून झोपायचं नसतं, टेकायचंसुद्धा नसतं. फक्त ती तिथे असायला हवी. आणि मानेशी नाही, डोक्यामागे, उंच."

घरी येताना रिक्षात मावशी पट्ट्यावर हनुवटी ठेवून एवढंच म्हणाली, "शब्दानं घात केला बघ. कुणी अडसर म्हटलं असतं तर मी काढली असती का?"

नर्सरीच्या मालकांना सगळे दादा म्हणत. ते भेटायला आले, खुर्चीच्या टोकावर बसले, चहा घेतला आणि मग म्हणाले ते ऐकून आईने कप उचलता उचलता तसाच ठेवला.

"ताई, मान बरी होईपर्यंत आराम करा. पण नंतरचं मी आत्ताच सांगतो. आपली बोळ तुम्हाला माहितीये. साठ पावलं उलटी गाडी घ्यायची, दोन्हीकडे कुंड्या. मागे वळून बघता येत नसेल तर मी किल्ली देणार नाही. आणि उशांशिवाय तर नाहीच नाही. रोपांच्या शेडमध्ये काम आहे. पाणी घालायचं, सावलीत बसायचं. गाडीला दुसरा माणूस बघतो."

"उशा लावून मागचं दिसत नाही, दादा."

"मग शेड आहेच," दादा म्हणाले. वाईट माणूस नव्हते. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येईना.

ते गेल्यावर मावशी बराच वेळ खोलीत पडून होती. मी डोकावले. ती छताकडे बघत म्हणाली, "शेडमध्ये झाडं असतात ती लहान. कुठे जात नाहीत. त्यांना पाणी घालायचं आणि दुसऱ्याच्या गाडीत बसवून द्यायचं." तिला किल्ली हवी होती, एवढंच.

सहा आठवड्यांनी दादा बोळीत गाडी घेऊन दाखवायला सांगणार होते.

पट्टा निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मानेचे व्यायाम दिले. हळूहळू, जेवढं वळेल तेवढंच. सकाळी शाळेआधी मावशी अंगणात स्टुलावर बसायची आणि मी तिच्या खांद्यामागे एक पान धरून उभी राहायचे. हे मीच काढलं होतं. पान रोज बोटभर मागे न्यायचं.

"दिसतंय?"

"देठ दिसतोय."

"पान?"

"पान नाही. थांब... कड. कड दिसली."

कोवळं ऊन असायचं. पानाच्या शिरा उजेडात दिसायच्या, आणि तिचा एक डोळा हळूहळू त्या पानाकडे सरकत यायचा, खूप लांबून आल्यासारखा. कधी कधी आम्ही दोघी विसरूनच जायचो की हे कशासाठी चाललंय. पान तिथेच धरलेलं, ती तिथेच बघत. आई आतून ओरडायची, "मानेचा व्यायाम आहे की नजरबंदीचा खेळ?" चौथ्या आठवड्यात तिला एका बाजूने अख्खं पान दिसलं. दुसऱ्या बाजूने देठापुढे गाडी गेली नाही. पण ज्या बाजूला वळून ती रिव्हर्स घ्यायची, ती बाजू चांगली होती.

परीक्षेपुरती म्हणून दादांनी गाडी दिली होती, तिच्यात उशा बसवायला आम्ही मेकॅनिककडे गेलो. त्याला ढिल्या म्हणत, कारण कुठलीही गाडी आली की त्याचं निदान एकच, काहीतरी ढिलं झालंय.

"मावशी, तुमची मानच ढिली झालीय," तो म्हणाला.

"आखडलीय रे मेल्या. ढिली असती तर तुझ्याकडे कशाला आले असते?"

त्याने दांड्या भोकांत घातल्या आणि उशी खाली दाबली. मावशी बसली, तर ती बरोबर मानेशी आली. "डॉक्टरीण म्हणाली उंच," ती म्हणाली. ढिल्याने वर ओढून पाहिली, येईना. मग त्याला कडेचं बटण सापडलं, आणि इतकी वर्षं बाहुल्यांना माहीत नसलेली गोष्ट आम्हाला कळली, की उशी खालीवर होते. त्याने ती चार खाचा वर घेतली. मावशीच्या डोक्यामागे आली. मग त्याने शेजारच्या सीटचीही तेवढीच वर घेतली, आणि हौसेने लांब जाऊन बघितलं.

मावशी वळली. "संपलं," ती म्हणाली. "मागे भिंत आहे."

ती खाली उतरून ढिल्याच्या बाकड्यावर बसली. मी तिच्या सीटवर चढले. तिच्यासारखी कमरेतून वळले, शेजारच्या सीटच्या पाठीवर हात टाकला, मागे पाहिलं. खरंच, हौद्याचा मोठा तुकडा गायब होता. मी मान थोडी हलवली. पुन्हा हलवली. मग माझ्या लक्षात आलं.

"मावशी, तुझी उशी तुला आडवी येतच नाही. ती तुझ्या डोक्यामागेच आहे. डोकं झाकतं तेवढंच ती झाकते. आडवी येते ती माझी."

"तुझी कुठली?"

"मी बसते ती. शेजारची."

ती उठून आली, खिडकीतून आत वाकली. ढिल्याने बटण दाबून शेजारची उशी तळापर्यंत खाली बसवली. मावशीने मला उतरवलं, स्वतः बसली, वळली.

"हौदा दिसतोय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण तू बसलीस की वर करायची."

"हो."

"म्हणजे तू असलीस की मागचं कमी दिसणार."

"मग बाहेरच्या आरशांत बघा की," ढिल्या म्हणाला. "ते काय केस विंचरायला लावलेत? ढिले झालेत, थांबा, आवळून देतो." त्याने दोन्ही बाहेरचे आरसे नीट वळवून दिले. मावशीने त्या दोन आरशांत असं पाहिलं, जणू घरात इतकी वर्षं दोन खिडक्या बंदच होत्या.

ठरलेल्या सकाळी मी तिच्याबरोबर नर्सरीपर्यंत गेले. बोळीच्या तोंडाशी दादा उभे होते, हातात पाण्याची नळी, तिचं तोंड बोटाने दाबलेलं, म्हणजे पाणी वाया जाऊ नये आणि लक्षही राहावं. मावशीने गाडी थांबवली.

"उतर," ती मला म्हणाली. "आज तुझी जागा रिकामी हवी."

मी उतरले. तिने शेजारची उशी दाबून खाली केली, एकदा डावा आरसा, एकदा उजवा, मग कमरेतून वळली. गाडी उलटी निघाली, आणि दादा नळी ओढत व मी, असे तिच्या समोरून चालू लागलो. साठ पावलं. दोन्हीकडे कुंड्या, त्यांतली पानं गाडीच्या अंगाला लागून मागे सरत होती की पुढे येत होती, मला सांगता येणार नाही. दिशा विसरायला झाली. समोरच्या काचेतून मला मावशीचा वळलेला गाल आणि कानामागचे पांढरे केस दिसत होते. आणि तिच्या पलीकडे मागच्या काचेत, लहानशी, नर्सरीची हिरवळ. ती हळूहळू मोठी होत होती. गाडी तिच्यात शिरत नव्हती, तीच गाडीत येत होती.

शेवटच्या वळणाला एका कुंडीला मागचं चाक निसटतं लागलं. कुंडी डुगडुगली, विचार केल्यासारखी थांबली, आणि बसली.

"लागली," दादा म्हणाले.

"लागली नाही," मावशी खिडकीतून म्हणाली. "विचारून पुढे गेले."

दादांनी नळीवरचं बोट काढलं. "किल्ली गाडीलाच राहू द्या," ते म्हणाले, आणि पाणी घालू लागले.

त्यानंतर नऊ वर्षं तिने ती गाडी चालवली. दुसऱ्या बाजूला मान शेवटपर्यंत पुरती वळली नाही. त्या बाजूने कुणी हाक मारली की ती आधी हसायची आणि मग वळायची, म्हणजे वळेपर्यंत माणूस थांबून राहायचा. शेजारी मी बसले की उशी वर करायची, उतरले की खाली. मी मोठी झाले, शिकायला दुसऱ्या गावी गेले, आणि येऊन-जाऊन तिच्या शेजारी बसत राहिले. मागून झाडं येत राहिली. मला अजूनही डुलकी लागायची. तिला कधी लागली नाही, उशी असूनही.

गेल्या वर्षी एका दुपारी ती जेवून आडवी झाली आणि उठली नाही. त्याच सकाळी तिने मला बसथांब्यावर सोडलं होतं. हौदा भरलेला होता, उंच झाडं होती, मागच्या काचेत पानांशिवाय काही दिसत नव्हतं. रस्त्यावर गर्दी होती. मी पिशवी घेऊन उतरले आणि काहीतरी बोलायचं म्हणून दार धरून तशीच उभी राहिले. काय बोलायचं होतं ते आता आठवत नाही. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, तिची नजर बाहेरच्या आरशात होती.

"दार नीट लाव गं," ती म्हणाली. "मागून बस येतेय."