शेगडी माळ्यावर गेली

साताऱ्यात औद्योगिक वसाहतीच्या मागे राहायला आल्यापासून सकाळी खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवायचं, काळं झालेलं बोट नवऱ्याला दाखवायचं आणि समोरच्या कारखान्याच्या चिमणीच्या नावानं खडे फोडायचे, हा माझा दिवसाचा पहिला कार्यक्रम झाला होता. धाकटी तीन महिन्यांची असताना तिची छाती घरघरायला लागली आणि माझा राग टोकाला गेला. कारखान्याला दोन अर्ज लिहिले, तेही लाल शाईनं. "निळं पेन नव्हतं का घरात?" नवऱ्यानं विचारलं. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

धाकटीला न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या. साठी कधीच उलटलेली. बाळाला पायांवर घेतलं की दोन तांब्यांत रडणं बंद. आंघोळ झाली की शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, धूप टाकून धुरी द्यायच्या. कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांच्या धुरीला सासवांच्या लेखी औषधापेक्षा जास्त मान होता.

एका दुपारी श्वास घेताना पोरीच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. रिक्षा करून मी आणि मावशी तिला घेऊन दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी मशीनवर वाफ दिली, जरा उतार पडला, तसं मी चिमणीचं पुराण लावलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंघोळीनंतर धुरी देता का?"

"नाही," मी म्हणाले. सरळ सरळ खोटं. हो म्हटलं तर चिमणीवरची माझी तक्रार लंगडी पडेल, असं मला वाटलं. पोरगी समोर धापा टाकत होती आणि मी हा विचार करत होते, याची आजही लाज वाटते.

"देतो की, सायेब," मावशी म्हणाल्या. "रोज देतो, माझ्याच हातानं. ही बावरलीया, म्हणून न्हाई म्हणतीया."

डॉक्टरांनी धुरी बंद करायला सांगितली. परतताना मावशी रिक्षातून बाहेरच बघत बसल्या. आता या रुसणार आणि उद्यापासून येणार नाहीत, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या, आंघोळ घातली, बाळाला गुंडाळून माझ्याकडे दिलं आणि शेगडी उचलून स्वतःच माळ्यावर टाकली. मग बाकीच्या घरी जाऊन तिथंही धुरी बंद म्हणून सांगून आल्या. दोन घरच्या सासवांनी त्यांनाच बंद केलं. जन्मभराचा मान असा एका दिवसात बाजूला ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर डॉक्टर बदलला असता.

पोरीची घरघर बरीच कमी झाली, पण गेली नाही. चिमणी चालूच होती. अखेर माझ्या अर्जांवरून कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी भेटायला बोलावलं, तेव्हा मी बाळाला आणि मावशींना घेऊन गेले. साहेब सभ्य होते. चहा मागवून म्हणाले, "सगळं आमच्यामुळेच होतं असं नाही, मॅडम. तुमच्या घरांतही धूर असतोच."

मावशी मांडीवर बाळाला थोपटत होत्या.

"व्हता," त्या म्हणाल्या. "आमचा आमी बंद केला. तुमचा कवा करताय?"

साहेबांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. बाळाची घरघर टेबलापलीकडे त्यांनाही ऐकू गेली.