दम लागतो

आई गेल्यापासून तिची औषधं मी अजून आवरलेली नाहीत. त्यांत व्हिटॅमिनच्या गोळ्यांची एक बाटली आहे. ती पाहिली की जयपूरचं रेल्वे क्वार्टर आठवतं. ऐंशीच्या दशकात बाबांची अकोल्याहून तिकडे बदली झाली होती. मी कॉलेजात होते.

गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना आईला जिन्यातच थांबावं लागे. क्वार्टरजवळच्या सोडाला भागातल्या डॉक्टरांना तिने सांगितलं, "जीना चढ़ने में दम लगता है." मराठीतला दम तिने तसाच उचलून हिंदीत ठेवला होता. डॉक्टरांना ऐकू आलं ते एवढंच, की जिना चढायला जोर लागतो.

"दम तो लगेगा ही, बहनजी," ते हसले आणि ताकदीसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या.

बाबा रोज स्वतः गोळी हातात देत आणि फरक वाटतो का विचारत. ती हो म्हणे. खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. रोज कुणी काळजीने विचारलं की माणसाला थोडं बरं वाटतंच. भाकऱ्या पटापट झाल्या की आम्ही गोळ्यांचा गुण म्हणायचो. कपडे आता गॅलरीतच वाळतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गणपतीत मराठी मंडळी जमली. छावणीतल्या एका अधिकाऱ्याची बायको डॉक्टर होती. तिच्याशी बोलताना आई सहज म्हणाली, "गोळ्या चालू आहेत, पण जिन्यावर दम लागतो हो."

डॉक्टरबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "दम लागतो? कधीपासून?" त्यांनी आईची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढुरकं होतं.

रक्त तपासलं, हिमोग्लोबिन फारच कमी निघालं. मग इतक्या गोळ्यांनी काहीच कसं झालं नाही, असं बाबांनी विचारलं.

"ज्याची कमतरता आहे ते दिलं तर उभारी येते, भाऊ. यांना लोह हवं होतं."

लोहाच्या गोळ्यांनी आईचं पोट बिघडे, तोंड कडू होई. बरं वाटतंय असं ती एकदाही म्हणाली नाही. दिवाळीच्या साफसफाईत ओल्या पडद्यांची बादली उचलून ती गच्चीकडे निघाली. मी मागे होते. बाबांना पडदे धड पिळता येत नाहीत यावर तिचं बोलणं सुरू झालं, आणि शेवटच्या पायरीपर्यंत ते थांबलं नाही.