खणातला पाहुणा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या डोळ्याभोवती भिंगाची गोल खूण उमटते. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराची ती इतकी ठसठशीत, की त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलालाच माहीत असेल. बाकी सगळ्यांचे ते भिंगकाका.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं. दुसरं स्टूल गिऱ्हाइकासाठी, पण त्यावर बहुतेक वेळा काकूच. नवराबायकोचं भांडण दिवसभर चाले. दोघं वेळच्या वेळी किल्ली देत असल्यामुळे ते कधी बंद पडलं नाही.

परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना स्मार्ट घड्याळ पाठवलं.

"बाबा, हे पावलं मोजतं, ठोके मोजतं, झोपही मोजतं," ती फोनवर म्हणाली.

"वेळ सांगतं का?"

"तेही सांगतं."

"मग हरकत नाही."

उजव्या मनगटावर वडिलांचं किल्लीचं घड्याळ होतंच, नवं डाव्या मनगटावर आलं. बराच वेळ बसलं की ते थरथरून 'उठा, जरा चाला' म्हणे. नेमका तेव्हाच चिमट्यात एखादा बारीक भाग असे. तो उडे आणि मग काकाकाकू टेबलाखाली रांगत शोधत. घड्याळ या हालचालीचं कौतुक करी.

"लेकीवर गेलंय," काकू म्हणत. "लांबून हुकूम सोडतंय."

तरी काकांनी ते काढलं नाही. दुपारी त्याचा पडदा उजळून मुलीचा निरोप उमटे, 'बाबा, जेवलात?' वर्षानुवर्षं काकूंच्या ओरडण्याला दाद न देणारा डबा आता वेळेवर उघडू लागला. याबद्दल काकू त्या घड्याळाच्या ऋणी होत्या, पण तसं तोंडावर कधी म्हणाल्या नाहीत.

मात्र रात्री ते घरी आणायला त्यांनी साफ मनाई केली. "झोप मोजायची तर माझी मोज म्हणावं. तुमच्या घोरण्यातून किती उरते ते कळू दे जगाला."

म्हणून काका ते दुकानातच ठेवत. दुरुस्त झालेली घड्याळं ज्या कुलपाच्या खणात रात्र काढत, त्याच खणात चार्जिंगच्या पांढऱ्या चकतीवर. शेवटी तेही घड्याळच. त्याला परक्यासारखं बाहेर कुठे झोपवायचं?

काही दिवसांनी बेकरीवाला म्हणाला, "काका, माझं घड्याळ तुमच्या हातून आल्यापासून भलतंच उत्साही झालंय. पुढेच पळतं." मग शिंप्याचंही पळू लागलं. काका संध्याकाळी घड्याळ बरोबर लावून खणात ठेवत, गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत ते पुन्हा घाईत. चुंबक जवळ आलं की घड्याळ बिघडतं हे ते जाणून होते. म्हणून तर स्पीकरमध्ये चुंबक असलेला रेडिओसुद्धा त्यांनी कधीच घरी पाठवला होता. तेव्हा तो संशय निकालात निघाला. उरला एकच आरोपी, त्यांचा स्वतःचा हात. दुकान बंद करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

बंद करण्याआधी एकदा सल्ला विचारावा म्हणून ते वरच्या मजल्यावर निवृत्त हेडबाईंकडे गेले. बाईंचं घड्याळही त्यांनी नुकतंच दुरुस्त केलं होतं. पाहतात तो ते अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

"बाई, तुमचं एकटीचं तरी नीट चालतंय."

बाईंनी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेलं. पंचाईत झाली. "चालत नाही हो. मी रोज सकाळी मागे घेते. गल्लीत सगळेच घेतात. बेकरीवाल्याला मीच दटावलं, पुन्हा तक्रार करायची नाही म्हणून."

"पण का?"

"इतकी वर्षं तुम्ही आमच्या वेळा सांभाळल्यात. थोडे दिवस आम्ही तुमची सांभाळली, एवढंच."

काका कठडा धरून जिना उतरले. दुकानात येऊन काकूंना म्हणाले, "आता तर बंदच करायला हवं. गल्लीने सांभाळून घ्यावं इतकं वाईट काम मी आजवर केलं नव्हतं."

काकूंनी वाद घातला नाही. त्याने काका जास्तच घाबरले.

दोघं निमूटपणे आवराआवर करू लागले. काकूंनी बारीक स्क्रूंची उघडी डबी खणात ठेवली आणि ती कलंडली.

"अहो, हे बघा. तुमच्या लेकीच्या चकतीला दाढी फुटलीय."

पांढऱ्या चकतीला सगळे स्क्रू ताठ उभे चिकटले होते. काकांनी एक स्क्रू ओढून सोडला, तो परत जाऊन चिकटला. घड्याळ जागेवर बसावं म्हणून त्या चकतीत चुंबक होतं. रात्रभर शेजारी झोपणाऱ्या घड्याळांतली केसाइतकी बारीक स्प्रिंग त्यामुळे आपल्याच वेढ्यांना चिकटत होती आणि घड्याळ धावत सुटत होतं. हात निर्दोष होता.

डावं मनगट थरथरलं. वाढलेले ठोके मोजून घड्याळाने विचारलं, 'तुम्ही व्यायाम करत आहात का?' काकांनी 'हो' दाबलं.

चुंबकत्व उतरवायचं यंत्र फळीवर होतंच. काकांनी घरोघर जाऊन घड्याळं गोळा केली आणि ठीक करून परत दिली. हे ऐकून मुलगी रडवेली झाली. "बाबा, टाकून द्या ते."

"त्याने काय केलं? झोपायची जागा मी चुकीची दिली," काका म्हणाले. काकूंनी बंदी उठवली. चकती आता घरी, स्वयंपाकघराच्या फळीवर असते.

पुढच्याच आठवड्यात हेडबाई तणतणत दुकानात आल्या. "आयुष्यात पहिल्यांदा उशिरा पोचले! घड्याळ मागे पडतंय."

"बाई, सकाळी मागे घेतलंत का?"

"सवय लागली हो."

काकू स्टूल सोडून उठल्या, बाईंना बसवलं. काकांनी घड्याळ बरोबर लावलं आणि परत देताना तेही उठून उभे राहिले.

डाव्या मनगटाने उभं राहिल्याबद्दल ताबडतोब शाबासकी दिली.